चंद्राला निघालेला डोंगा

मंगरूला मंडईच्या दंडारीत मुख्य काम मिळालं ते अभिनयामुळे नव्हे, डोंग्यामुळे. हे सगळ्या करडी गावाला माहीत होतं. मंगरूलाही माहीत होतं. पण मिळालेलं पदरात घ्यावं, ते का मिळालं याची चौकशी करत बसू नये, असं त्याचं स्वच्छ मत होतं.

दिवाळी संपली की करडीत मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, चिवड्याची आणि बांगड्यांची दुकानं लागतात. रात्री बाहेरगावचं नाटक असतं, म्हणून गावच्या मंडळाची दंडार दुपारीच उरकतात. दंडार म्हणजे गाणं, नाच, सोंगं आणि मध्ये मध्ये नाटक. या मंडळात मंगरू कित्येक वर्षं होता. एका वर्षी तो द्वारपाल झाला, एका वर्षी बैलाचे मागचे दोन पाय झाला आणि एका वर्षी प्रेत. प्रेताच्या कामात त्याला शिंक आली आणि राणीचा विलाप चालू असताना अख्खं मैदान हसलं. तेव्हापासून बाबुलाल त्याला बोलायचं काम तर देत नव्हताच, मरायचंही देईना.

बाबुलाल मंडळाचा मालकच म्हणायचा. पोशाखांची पेटी त्याच्या घरी, बाजाची पेटी त्याच्या घरी, म्हणून राजाही दर वर्षी तोच. आवाज भरदार, मिशा भरदार आणि पोट त्याहून भरदार. कोणाला काय काम द्यायचं ते तो ओट्यावर बसून ठरवायचा, आणि मंगरूची पाळी आली की म्हणायचा, "अबे मंगऱ्या, तू पडदा ओढ." मंगरूच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या तरी त्याचा 'मंगरू' झाला नव्हता, 'मंगरूभाऊ' तर लांबच. बायको शेजारी उभी असताना बाबुलालने 'मंगऱ्या' म्हटलं की त्याला फार लागायचं. पण तोंडावर तसं बोलायची त्याची छाती नव्हती, म्हणून तो मुकाट्याने पडदा ओढायचा.

या वर्षी सगळी घडी विस्कटली ती सचिनमुळे. सचिन भंडाऱ्याला बारावीच्या पोरांची शिकवणी घेतो. तो म्हणाला, आपलं यान चंद्रावर उतरलंसुद्धा आणि आपण अजून राजाराणीतच अडकलो. त्याने चंद्रावरच्या स्वारीचं नाटक लिहिलं आणि मंडळाला बसवून शास्त्र समजावून सांगितलं. पृथ्वी यानाला आपल्याकडे ओढते, चंद्रही आपल्याकडे ओढतो. पृथ्वीपासून वर चढताना जोर लागतो. चढता चढता एक जागा अशी येते की तिथे दोघांची ओढ सारखी. ती जागा ओलांडली की जोर लावायलाच नको, यान आपोआप चंद्राकडे घसरत जातं.

गावातली बायजाबाई तिथेच ऐकत बसली होती. ती म्हणाली, ती जागा मला माहीत आहे, ती मोहाडीच्या बस स्टँडवर आहे. सासरी निघालेली लेक तिथपर्यंत रडते आणि तिथून पुढे सासूचा विचार करायला लागते. सचिनने मान डोलावली. शास्त्राला कोणीतरी हो म्हणतंय हेच त्याला पुष्कळ होतं.

गुजरीच्या, म्हणजे बाजाराच्या, मैदानात त्याने हे सगळं खरंच उभं केलं. एका टोकाला रंगमंच, ती पृथ्वी. दुसऱ्या टोकाला बांबूचा उंच माच, तो चंद्र. मधोमध मोहाचं जुनं झाड. रंगमंचावरून एक लोखंडी तार मोहाच्या बेचक्यापर्यंत चढवली आणि तिथून चंद्रावर उतरवली. मोहाचं बेचकं म्हणजे सारख्या ओढीची जागा. तारेला टांगायला हलकं यान हवं होतं, आणि अख्ख्या गावात तसली एकच वस्तू होती: मंगरूचा पत्र्याचा छोटा डोंगा, ज्यात बसून तो तळ्यात जाळं टाकायला जायचा.

मंगरूने डोंगा दिला, पण देताना एक वाक्य बोलला. "डोंगा माहा हाय, त मीच बसीन." एवढं लांब वाक्य मंडळात तो पहिल्यांदाच बोलला होता.

बाबुलाल अर्थातच ऐकून घेणार नव्हता. पण निकाल शास्त्राने लावला. डोंगा वर चढवायचा तो धानाच्या पोत्याने. पोतं मोहाच्या बेचक्यात ठेवलेलं, त्याचा दोर गडगडीवरून डोंग्याला बांधलेला. पोतं खाली सोडलं की डोंगा वर जाणार. सचिनचं म्हणणं, उंचावर ठेवलेल्या पोत्यात ताकद साठवलेली असते. बायजाबाईचं म्हणणं, पोत्यात धान असते. काही का असेना, तालमीत बाबुलाल डोंग्यात बसला आणि पोतं हललंच नाही. नुसतं लोंबकळत राहिलं. मग मंगरू बसला. तो सडपातळ माणूस; पोतं झोकात खाली आलं आणि डोंगा सरसर वर जाऊन बेचक्यावरून पलीकडे चंद्राच्या माचावर पसरलेल्या तणसात, म्हणजे धानाच्या पेंढ्यात, आदळला. सगळे टाळ्या वाजवायला लागले. सचिनने बाबुलालला समजावलं की, काका, तुम्ही चंद्र व्हा. सगळं नाटक तुमच्याकडेच निघालेलं आहे. बाबुलाल चंद्र झाला. पण तेव्हापासून तो फुगून बसला होता, आणि हा मंगऱ्या एकदा तोंडावर पडू दे, मग बघतो, असं ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होता.

आता यशोदाबाईचं सांगायला हवं. ती मंगरूची बायको, आईबापाची एकुलती एक. आईबाप गेले आणि माहेर संपलं. भाऊ नव्हता. भाऊबीजेला गावातल्या बाया माहेरी जायच्या, नाहीतर त्यांचे भाऊ यायचे; यशोदाबाई संध्याकाळी आंगणात उभी राहून बीजेच्या चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बाईने चंद्राला ओवाळावं ही चालच आहे, त्यात नवल काही नाही. पण बीजेची कोर लवकर मावळते. एखाद्या वर्षी ढग असले की ती ताट घेऊन ताटकळत राहायची आणि मंगरूला घरात जीव नकोसा व्हायचा.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला त्याने एक गाढवपणा केला होता. तिला हसवावं म्हणून तो म्हणाला, तुझा भाऊ दर वर्षी ओवाळून घेतो आणि देत काही नाही, मोठा चिक्कू आहे. यशोदाबाई हसली नाही. ताट खाली ठेवून आत गेली आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं मंगरूला वाटायचं. आपण बोललो ते वाईटच बोललो हे त्याला कळलं होतं, पण ते परत कसं घ्यायचं हे काही त्याला कळलं नव्हतं.

मंडईच्या दिवशी सकाळी तो आरशासमोर चंदेरी रंगाचं हेल्मेट घालून बघत होता, तेव्हा ती एक स्टीलचा डबा घेऊन मागे उभी राहिली.

"यात अनरसे हायत," ती म्हणाली. "त्याच्या हातात देजा."

"कोनाच्या? बाबुलालच्या?"

"चंद्राच्या."

मंगरूने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती. नाटक आहे हे तिला ठाऊक होतं, चंद्र म्हणजे चुना फासलेला बाबुलाल हेही ठाऊक होतं. तरी तिचा नवरा चंद्राकडे निघाला होता आणि तिच्याकडून तिकडे काही पाठवायची ही पहिलीच संधी होती. तो म्हणाला, "देतो. हातातच देतो." आणि त्या दिवशी त्याला नाटकापेक्षा त्या डब्याचीच जास्त धास्ती वाटायला लागली.

दुपारी मैदान भरलं. दंडारीतलं गाणं झालं, नाच झाला, गणपतीचं सोंग येऊन गेलं. डोंगा चंदेरी कागदात गुंडाळून रंगमंचावर तयार होता. यशोदाबाई पुढे आली, सगळ्यांदेखत डबा डोंग्यात ठेवला आणि वर फडकं झाकलं. पुढे उभ्या असलेल्या बायांपैकी दीपमालाने विचारलं, हे काय? यशोदाबाईने सांगितलं, भावाला पाठवते.

एवढंच बोलणं झालं. पण ते ऐकायला शेजारी सत्यवती होती, रक्षा होती आणि मुख्य म्हणजे बायजाबाई होती. बायजाबाईने जरा विचार केला आणि म्हणाली, चांदोबा सगळ्या पोरांचा मामा. पोरांचा मामा म्हणजे आपला भाऊ. आपल्या भावाच्या घरी माणूस निघाला आहे, भाऊबीज नुकतीच झाली आहे, आणि त्याला हात हलवत पाठवायचं? गावाची लाज जाईल. या बोलण्यात चूक काढायला कुणाला जागा सापडली नाही. बाया घराकडे पळाल्या.

सचिन तेव्हा माइकच्या वायरी तपासत होता. मंगरू डोंग्यात बसलेला होता आणि त्याच्या पायाशी सामान येऊन पडत होतं. दीपमालाचा चिवडा आला. सत्यवतीच्या करंज्या आल्या. नव्या चिनोर तांदळाची पिशवी आली, कारण तिकडे असा तांदूळ कुठे मिळणार. लोणच्याची बरणी आली, सुकवलेल्या मासळीचं गाठोडं आलं, एक मोठा भोपळा आला. वर थंडी फार असते म्हणून रक्षाने वाकळ आणली. बायजाबाईने कोंबडा आणला, पाय बांधलेला आणि अतिशय रागावलेला. मंगरू म्हणत होता, बाई पुरे करा, बाई पुरे करा. पण गावच्या बायांना नाही म्हणायची त्याला सवयच नव्हती.

सचिन आला आणि त्याने कपाळावर हात मारला. त्याचा सगळा हिशेब मंगरूच्या वजनाचा होता, गावच्या पाहुणचाराचा नव्हता. तो म्हणाला, सामान उतरवा. बाया म्हणाल्या, उतरवा की, पण कोणाचं? जिचं उतरवाल तिने काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात तबलजीने ठेका धरला, लोक शिट्ट्या मारायला लागले, आणि सचिनने घाईघाईने वरच्या पोत्याला दोन मोठे धोंडे बांधायला लावले. मग त्याने देवाचं नाव घेऊन पोतं सोडायला सांगितलं. बारावीच्या पोरांना तो हे शिकवत नाही.

पोतं खाली आलं आणि डोंगा वर निघाला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मंगरूने एक हात वर करून पृथ्वीला रामराम केला. गर्दीत यशोदाबाई त्याला दिसली, तिच्या हिरव्या लुगड्यावरून त्याने ओळखलं. आपण राजासारखे दिसत असू, असं त्याला वाटलं. आणि मग बेचकं दोन हातांवर राहिलं असताना डोंगा थांबला.

पोतं जमिनीला टेकलं होतं, त्याच्यातली सगळी ताकद संपली होती. वजनाने तार इतकी वाकली होती की डोंगा आपल्याच भाराने केलेल्या खड्ड्यात बसला होता. माणसांनी दोर ओढून पाहिला तर तो गडगडीतून निसटून बाजूच्या फटीत अडकला. आता वरही नाही आणि खालीही नाही. यान पृथ्वी आणि चंद्र यांच्या मधोमध लोंबकळत होतं, त्यात मंगरू होता आणि एक कोंबडा होता.

थोडा वेळ लोकांना वाटलं हे नाटकातच आहे. मग बाबुलालचा आवाज आला. चंद्राच्या कपड्यांना छोटा माइक लावलेला होता, त्यामुळे तो आवाज चहूबाजूंनी आला. "अबे मंगऱ्या, येतं का बे? का मीच येऊ तिकडे?"

मैदान खदखदून हसलं. मंगरूचे कान तापले. प्रेताच्या वेळी निदान त्याने डोळे मिटलेले होते. आज सगळं उघड्या डोळ्यांनी बघावं लागत होतं. त्यातून यशोदाबाई हसत नव्हती. ती डोंग्याकडे टक लावून पाहत होती, आणि मंगरूला माहीत होतं की ती त्याच्याकडे नाही, डब्याकडे पाहते आहे.

सचिन खालून माइकवर ओरडला, "काका, वजन कमी करा. सामान मागं फेका, मागं. रॉकेट असंच चालते."

मंगरूने विचार केला. फेकण्यापेक्षा बरा मार्ग त्याला दिसत होता. त्याने सत्यवतीच्या करंज्यांचं पुडकं सोडलं आणि भराभर खायला सुरुवात केली. चार-पाच करंज्या खाऊन त्याने आशेने तारेकडे पाहिलं.

"काका, खाऊ नका," सचिनचा आवाज रडकुंडीला आला होता. "पोटात गेलं तरी वजन तेवढंच राहते."

हे शास्त्र मंगरूला पटलं नाही, पण करंज्याही संपत आल्या होत्या. मग त्याने भोपळा उचलला आणि मागे पृथ्वीवर फेकला. तबलजी तबला काखेत मारून पळाला. डोंगा खरोखरच झटका खाऊन पुढे सरकला आणि थोडा वरही आला. लोक ओरडले. पण भोपळेवाली बाई गर्दीतून पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, माझाच भोपळा काहून फेकला? दीपमालाचा चिवडा बरा ठेवला? मंगरूने न्याय केला, चिवडाही फेकला. मग तांदूळ गेले, लोणचं गेलं, मासळी गेली आणि गावातली सगळी कुत्री पृथ्वीवर जमा झाली. वाकळ फेकली ती एका पाहुण्या जावयाच्या डोक्यावर पडली. प्रत्येक फेकीला डोंगा बोटभर चढत होता, आणि प्रत्येक फेकीला कुठल्यातरी बाईचा मंगरूशी जन्माचा अबोला होत होता. कोंबड्याचे पाय सोडून त्याने तोही मागे फेकला. कोंबडा हवेत फडफडला, एक गिरकी घेऊन परत आला आणि डोंग्याच्या टोकावर बसला.

आता डोंगा आणि बेचकं यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं. डोंग्यात डबा होता.

"अजून थोडंच, काका," सचिन म्हणाला. "तो डबा."

मग सगळेच म्हणायला लागले, डबा फेक, डबा फेक. ज्यांचं सामान गेलं होतं त्या बाया तर हात जोडून मागे लागल्या, कारण आता एकटीचंच का राहावं. बाबुलाल माइकवरून म्हणाला की, मंगऱ्या, लवकर कर, माझा चुना वाळून राहिला. मंगरूने डबा हातात घेतला आणि खाली पाहिलं. यशोदाबाईने पदर तोंडाशी धरला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, टाका. असू द्या, टाका.

तिने ती खूण केली नसती तर मंगरूने कदाचित डबा फेकलाही असता. घाबरलेला माणूस काय करील सांगता येत नाही. पण ती खूण त्याने पाहिली. ढग आलेल्या वर्षी ताट घेऊन घरात परत येताना ती अगदी अशीच म्हणायची, असू द्या. आयुष्यभर ही बाई असू द्या म्हणत आली, आणि आपण तिच्या भावाला चिक्कू म्हणालो. मंगरूने डबा खाली ठेवला. हेल्मेट काढून फेकलं. बूट काढून फेकले. डोंगा तसूभर हलला आणि थांबला.

मग त्याच्या लक्षात आलं की डोंग्यात आता सगळ्यात जड वस्तू एकच उरली आहे, आणि ती तो स्वतः आहे.

हे लक्षात आलं तेव्हा त्याला आधी वाईटच वाटलं. मुख्य काम एकदाच मिळालं होतं. अजून निशाण रोवायचं होतं, चंद्रावर पाऊल ठेवून एक लांबलचक भाषण करायचं होतं, ते त्याने तळ्यावर एकट्याने म्हणून म्हणून पाठ केलं होतं. तळ्यातल्या मासळ्यांनाही ते आता पाठ असेल. पण डबा चंद्राच्या हातात देतो असं तो बोलून बसला होता. त्याने मोहाची फांदी धरली, अंग झोकलं आणि बेचक्यात चढला. भार जाताच तार झणकन वर उसळली आणि डोंगा बेचक्याच्या बरोबरीला आला. मंगरूने अडकलेला दोर सोडला, फांदीला घट्ट मिठी मारली आणि दोन्ही पायांनी डोंग्याला लाथ हाणली.

सारख्या ओढीची जागा ओलांडली गेली. पुढे जोर लावायची गरज नव्हती, सचिनने सांगितलं होतं तसंच झालं. डोंगा घरंगळत निघाला, टोकावर कोंबडा पंख पसरून आरवत होता, आणि मागे कोणीही नव्हतं. यान तणसात घुसून चंद्राच्या गुडघ्यांना लागून थांबलं.

हसावं की टाळ्या वाजवाव्या हे कोणालाच कळेना. बाबुलालने वाकून डबा उचलला. उलटासुलटा करून पाहिला. त्याने माचावरून विचारलं की, हे काय आहे बे?

मंगरूजवळ माइक नव्हता. पण प्रेत असतानाची शिंक जशी मैदानभर ऐकू गेली होती तसंच हेही गेलं. "यशोदेनं पाठवलं," तो मोहावरून म्हणाला. "तिच्या भावासाठी."

यशोदाबाई आंगणात उभी राहून कोणाला ओवाळते हे अख्ख्या गावाला माहीत होतं; बाबुलालच्या ओट्यावरून तर तिचं आंगण समोरच दिसायचं. बाबुलालला आता काहीही बोलता आलं असतं. माइक त्याच्याकडे होता, लोक त्याच्याकडे बघत होते, आणि मंगऱ्या झाडावर लटकला होता. त्याने डबा उघडला. एक अनरसा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग त्याला पुढे खाता येईना. हा माणूस दर वर्षी राजा होऊन मैदान रडवायचा आणि स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणायला कांदा जवळ ठेवायचा. आज कांदा नव्हता. चंद्राच्या गालावरचा चुना ओला होऊन खाली ओघळायला लागला.

"यशोदे," तो म्हणाला, "लय वर्षांची भाऊबीज राहिली व माही."

हे वाक्य सचिनने लिहिलेलं नव्हतं. बाबुलाल माचावरून उतरला, गर्दी दोन्हीकडे सरकली, आणि तो डबा छातीशी धरून यशोदाबाईपुढे जाऊन उभा राहिला. दीपमालाने बांगड्यांच्या दुकानातून एक ताट आणलं, कोणी दिवा आणला, आणि भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, यशोदाबाईने चंद्राला ओवाळलं. बाबुलालने अंगावरचा चंदेरी शेला काढून तिच्या खांद्यावर घातला. तो मंडळाचा शेला होता, पण मंडळही त्याचंच होतं. बाया पदराने डोळे पुसत होत्या, भोपळेवालीसुद्धा. सचिन माइकवर पुन्हा पुन्हा सांगत होता की यान सुखरूप उतरलं आहे, आणि ते कोणीही ऐकत नव्हतं.

मंगरूकडेही कोणी पाहत नव्हतं. मोहावर मुंगळे होते. त्याने दोन हाका मारल्या, मग एका हाताने मुंगळे झाडत आणि एका हाताने फांदी धरत तो तसाच बसून राहिला. वरून त्याला चंदेरी शेला पांघरलेली आपली बायको दिसत होती. ती हसत होती. तिला असं हसताना पाहून मंगरूला इतकं बरं वाटलं की पाठ केलेलं भाषण त्याला आठवेनासं झालं.

बऱ्याच वेळाने यशोदाबाईलाच त्याची आठवण झाली. तिने बाबुलालला काहीतरी सांगितलं. मग बाबुलाल स्वतः शिडी घेऊन आला, ती मोहाला टेकवली आणि खालून दोन्ही हातांनी धरली. त्याने मान वर केली आणि नेहमीच्या सवयीने तोंड उघडलं. "अबे मं..." इथपर्यंत तो आला आणि थांबला. शेजारी त्याची बहीण उभी होती. बहिणीच्या नवऱ्याला असं बोलायची आपल्याकडे रीत नाही, आणि रीत मोडायची बाबुलालची छाती नव्हती.

"उतरा, जवाईबापू," तो म्हणाला. "हळू उतरा."

मंगरूला ते नीट ऐकू आलं होतं. तरी फांदी धरून तो खाली वाकला आणि म्हणाला, "काय म्हनलं? वर काही ऐकू येत नाही."

बाबुलालने ते पुन्हा म्हटलं, या खेपेला जरा मोठ्याने.